हरल्या दिवशीचा भात

निमिष,

आमच्या वेस्ट विंडसरच्या वाचनगटात काल एका जुन्या रशियन कादंबरीवर चर्चा झाली. नायक जुगारात बुडालेला, आणि नायिका त्याला सोडत नाही. रुपालीकाकू म्हणाल्या, "एवढी शिकलेली बाई, तिला कळत कसं नाही?" मग माझ्याकडे पाहून त्यांनी घाईने विषय बदलला, कारण तुझ्या बेटिंगपायी आपला डिव्होर्स झाला हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

मला त्यांना हे सांगायचं होतं. तू जिंकलास की मित्रांना घेऊन परस्पर बाहेर जेवायचास, मला साधा फोनही नसायचा. हरलास की मात्र सरळ घरी यायचास. बूटसुद्धा न काढता किचनमध्ये खाली बसायचास आणि म्हणायचास, "इला, मऊ भात कर ना." माझा हात तू सोडायचा नाहीस, म्हणून मी एका हाताने कुकर लावायचे. याला प्रेम म्हणतात का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता तू बेटिंग सोडलंस. दर गुरुवारी जुगार सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जातोस, परत ये म्हणतोस. तुझा मेसेज वाचून मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण शेवटी तू लिहिलंयस, "मॅच सुरू झाली की तू माझ्यासाठी देवापुढे दिवा लावायचीस, ते मी विसरलो नाही."

तो दिवा तू हरावंस म्हणून असायचा, निमिष.

आता परत आले, तर देवापुढे काय मागू?

हे तुला न पाठवणारी,
इला