वळिवाला हाक

अल खर्ज,
शुक्रवार, १९ जुलै २०२४

ती. अलका आत्यास,
सिद्धार्थचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून आपला जुना मार्ग बरा. मी हाताने लिहितो, शेजारच्या ज्ञानदाच्या मोबाईलवर फोटो पाठवतो, ती तुला कागदावर छापून आणून देईल. उत्तरही तसंच धाड. अक्षर बारीक आहे म्हणून बोलणी बसणार, हे धरूनच चाललोय.

इथे ऊन मी म्हणतंय. डेअरीत गायींवर दिवसभर पाण्याचं धुकं सोडतात. सकाळी गोठ्यात शिरलं की शेकडो गायी ढगात उभ्या आहेत असं वाटतं, आणि त्या ढगातून माझं नाव घेऊन कोणीतरी थर्मामीटर मागतं.

विचारायचं आहे ते वेगळंच. माझ्याकडे एक पिल्लू आहे. सलूकी, म्हणजे अरबांचं सशामागे पळणारं कुत्रं. आपल्या कारवानीचं चुलत भावंड म्हण. तेच लांब तोंड, तीच आत ओढलेली कंबर, फक्त कानांना रेशमाचे झुपके. मूळ मालक अबू उमैर. इथे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणजे हे उमैरचे वडील. डेअरीच्या पलीकडे त्यांचं शेत आहे आणि त्यांच्या उंटांना मी औषधपाणी करतो. मार्चमध्ये त्यांच्या कुत्रीला दूध आलं नाही. हे एकच पिल्लू उरलं होतं, ते मी उचलून आणलं आणि बाटलीवर वाढवलं. तेव्हा म्हातारा म्हणाला होता की सशामागे पळेपर्यंत तुझा, पळाला की माझा. मी हसून हो म्हटलं. ते जगेल की नाही याचीच तेव्हा शंका होती.

आता तो माझ्या खाटेखाली झोपतो आणि झोपेत पळतो. चारही पाय हलतात, ओठ थरथरतात, मधेच बारीक भुंकतो. आयुष्यात त्याने ससा पाहिलेला नाही, मग कोणाच्या मागे जातो कोण जाणे.

अबू उमैरना त्याला थंडी सुरू होताच सोडायचं आहे. त्यांच्या कुंपणाच्या माळावर ससे राखलेले आहेत. कुत्र्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. पळवायचं फक्त, मारायचं नाही. हाडांचं पुस्तकातलं मला कळतं, पण अण्णा आजोबांच्या हाताखाली कारवानी तू वाढवलेस. तर सांग, पिल्लू कधी सोडायचं?

माया आहेच, ती या उन्हात आटू देऊ नये ही विनंती.
तुझा सिद्धार्थ

•

जत,
२ ऑगस्ट २०२४

चि. सिद्धार्थ यास,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. मुंग्यांनी लिहिलंय असं ज्ञानदाचं मत पडलं. कुत्र्याच्या कानांवर एवढं लिहिलंस, पण अर्चना आणि अवंती कोल्हापूरला कशा आहेत यावर अक्षर नाही. पोरीच्या शाळेसाठी त्या परतल्यापासून तुझी खोली तुला खायला उठते, हे मला न सांगता कळतं. म्हणूनच ते पिल्लू खाटेखाली आलं. असो, त्यात वाईट काही नाही.

अण्णांचा नियम एकच होता: एक पावसाळा पाहिल्याशिवाय ससा दाखवू नये. उन्हाळ्यात हाडं लांबतात, पण ती कच्ची असतात. पावसाळ्यात चिखलात, निसरड्यात पाय कुठे टाकायचा आणि कुठे आवरायचा हे कुत्रं आपलं आपण शिकतं. त्याआधी सोडलं तर पहिल्याच हुलकावणीला खांदा निखळतो. ससा कधी सरळ पळत नाही बाबा, सरळ पळतं ते अडाणी पिल्लू. आपल्याकडे आता सशामागे कुत्रं सोडणं गुन्हा आहे, आणि बरंच झालं. माळावर ससे उरलेत कुठे.

झोपेचं म्हणशील तर माझी पाखरीही झोपेत पळते. तेरा वर्षांची म्हातारी कुत्री झाली, उंबरा ओलांडताना थांबते, पण दुपारी डोळा लागला की तिचे पाय सुटतात. ती पळून झालेलं पळते आणि तुझा पळायचं राहिलेलं. दोघांनाही उठवू नये.

नाव काय ठेवलंस ते लिहिलं नाहीस. आपल्या घरात जनावर बिननावाचं राहत नाही. चैत्राच्या तोंडाशी अवचित आला म्हणतोस, तर त्याला वळीव म्हण.

जेवत जा वेळेवर. लोभ वाढवायला आता माझ्याकडे जागा नाही, आहे तो तसाच राहू दे.
तुझी अलका आत्या

•

अल खर्ज,
शुक्रवार, ११ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खुशाली, नाहीतर पुन्हा फटका बसेल. अर्चना बरी आहे. अवंती रोज संध्याकाळी व्हिडिओवर येते. तिचा आवाज ऐकला की वळीव मोबाईलच्या मागे जाऊन बघतो, ती तिथे का नाही म्हणून. मग माझ्याकडे बघतो.

हो, वळीवच. पण हे नाव खोलीच्या आतलं. इथल्या लोकांत पहिल्यांदा पळाल्याशिवाय पिल्लाला नाव देत नाहीत, म्हणून अबू उमैरसमोर मी त्याला नुसतं यल्ला, म्हणजे चल, म्हणून हाकारतो.

आता गंमत ऐक. थंडी सुरू होतेय म्हणून अबू उमैर गेल्या आठवड्यात विचारायला आले. मी त्यांना अण्णांचा नियम माझ्या मोडक्या अरबीत सांगितला. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. वडीलधाऱ्यांचा शब्द असेल तर तो आपल्यालाही लागू, म्हणाला. तुझ्या आत्याचा पाऊस येऊ दे, मग बघू. खलास, विषय संपला. गहव्याचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप पालथा करून गेला.

आणि आत्या, इथे पावसाळा नसतोच. कधीमधी चार थेंब पडतात, त्यांना पावसाळा कोण म्हणेल? म्हणजे अण्णांच्या नियमाने वळीव कायमचा माझा. त्या संध्याकाळी मी त्याच्यासाठी कोंबडी शिजवली. मला फार हलकं वाटलं.

अशीच पाठराखण करत राहावी.
तुझा सिद्धार्थ

•

जत,
३० ऑक्टोबर २०२४

चि. सिद्धार्थ,
अ. उ. आ.

तुझी वकिली वाचली. तू जनावरांचा डॉक्टर झालास ते चुकलंच, काळा कोट घातला असतास तर नाव काढलं असतंस. नियम पिल्लाच्या खांद्यासाठी होता, तुझ्या खाटेसाठी नव्हता. तरी मी हसले, हे खरं. पाखरीला वाचून दाखवलं, तिने जांभई दिली.

तुझ्या भल्यासाठी तिकडे पाऊस पडू नये असं म्हणायला गेले, पण जिभेवर येईना. जतच्या माणसाच्या तोंडून असला शाप निघत नाही. इथे आम्ही वैऱ्याच्या शेतावरसुद्धा पाऊस मागतो.

दिवाळीचा फराळ कोणी येणारं असेल तर कळव. चिवडा डब्यात आहे आणि जीव तुझ्यात.
अलका आत्या

•

अल खर्ज,
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. सकाळी असं धुकं असतं की गोठ्यातलं धुकं आणि बाहेरचं एक होऊन जातं. त्यातून उंटांच्या माना आधी येतात, उंट मागून. ऊन वर आलं की डेअरीमागचा माळ दिसतो, आणि तो हिरवा आहे. हिरवा म्हणजे आपल्यासारखा नव्हे. वाळूवर कोणी बोट बुडवून रंग पुसल्यासारखा. इतकी बारीक फुलं आहेत की वाकल्याशिवाय दिसत नाहीत. लोक गाड्या घेऊन वाळवंटात जातात आणि जमिनीत उगवणारी एक प्रकारची अळंबी उकरून आणतात. मी त्या गवतात नुसता बसून राहतो. आपण कुठल्या देशात आहोत याचा थोडा वेळ विसर पडतो.

वळीव आता माझ्या मांडीइतका उंच झालाय. अबू उमैरच्या कुंपणापर्यंत एकटाच जातो, तारेला नाक लावून उभा राहतो, हाक मारली की येतो. पण यायच्या आधी जरा थांबतो. पूर्वी थांबत नसे. झोपेत पळणं मात्र बंद झालंय. रात्री डोळे उघडे ठेवून पडतो.

अबू उमैर बरेच दिवस भेटले नाहीत. म्हणजे मीच तिकडे गेलो नाही, कामं फार आहेत. बाकी विशेष नाही.

पाखरीला जप. आशीर्वादाचा हात काढू नये.
तुझा सिद्धार्थ

•

जत,
१९ जानेवारी २०२५

चि. सिद्धार्थ,
अ. उ. आ.

ती हिरवळ काय नळाच्या पाण्यावर आली?

पत्रभर पावसाचं नाव नाही आणि पानभर गवत आहे. लहानपणी गूळ खाऊन यायचास तेव्हाही तोंड पुसायचास आणि सदऱ्याला मुंग्या लागायच्या. पाऊस पडला, माळ उगवला, आणि तू लपून बसलास. प्रत्येक मुलखाचा पावसाळा त्या मुलखाच्या मापाचा असतो. तुझ्या पिल्लाच्या पायाखाली जमीन एकदा ओली होऊन हिरवी झाली, त्याला वर्ष भरत आलं. त्याचा पावसाळा झाला.

अण्णांचा नियम तू अर्धाच म्हाताऱ्याला सांगितलास. तुझा दोष नाही, मीच अर्धा लिहिला होता. तू कधी सोडायचं ते विचारलंस, कुठवर बांधायचं ते विचारलं नाहीस. पुरा नियम असा: एक पावसाळा पाहिल्याशिवाय ससा दाखवू नये, आणि पाहिल्यावर कुत्रं बांधू नये. पळायला जन्मलेलं जनावर बांधून ठेवलं की ते आधी झोपेत पळणं सोडतं. मग खाणं सोडतं. तू स्वतःच लिहिलंयस की तो आता झोपेत पळत नाही. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं.

म्हाताऱ्याकडे जा आणि पाऊस पडला म्हणून तुझ्या तोंडाने सांग. वाईट वाटेल तुला, फार वाटेल. वाटू दे. आणि एक सांगून ठेवते, सुटला की तो मागे वळून बघणार नाही. चांगलं वाढवलेलं कुत्रं बघत नाही. त्याचा राग धरू नकोस.

माझ्याजवळ असतास तर डोक्यावरून हात फिरवला असता. इथूनच फिरवते.
अलका आत्या

•

अल खर्ज,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यावरही मी बरेच दिवस गेलो नाही. मग गेलो. अबू उमैर शेकोटीपाशी बसले होते. मी दोन्ही अर्धे एकत्र करून पुरा नियम सांगितला आणि पाऊस पडून गेल्याचंही सांगितलं. ते गालात हसले. पाऊस माझ्याही शेतावर पडला होता, म्हणाले. आत्या, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. दोन महिने त्यांना माहीत होतं. ज्याने वडीलधाऱ्यांचा शब्द पुढे केला, तो शब्द पुरा करायलाही तोच येईल, म्हणून ते थांबले होते. मला मान वर करवेना. त्यांनी माझ्या कपात गहवा ओतला आणि आजचा दिवस ठरवला.

आज सकाळी धुकं विरत असताना आम्ही माळावर उभे होतो. ते, उमैर आणि मी. मुसकं मीच बांधलं. त्याच्या कानामागे माझ्या साबणाचा वास येत होता. गवतातून ससा उठला आणि मी पट्टा सोडला.

तो कसा पळाला हे मला लिहिता येणार नाही. पाय जमिनीला लागत होते की नाही तेही नक्की सांगता येत नाही. सशाने हुलकावणी दिली तेव्हा मला तू लिहिलेला खांदा आठवला, पण वळीवने पाऊल आवरलं, अंग वळवलं आणि पुन्हा मागे लागला. कुठे शिकला हे? त्या चार थेंबांच्या चिखलातच शिकला असणार. गेल्या उन्हाळ्यात खाटेखाली जे चालायचं ते मी उघड्यावर बघत होतो, आणि एवढा आनंद मला इथे आल्यापासून झाला नव्हता. शेवटी ससा बिळात शिरला. वळीव लांबच्या उंचवट्यावर धापा टाकत उभा राहिला.

मग अबू उमैरनी विचारलं की आता याला नाव द्यायला हवं, तू एकांतात काय म्हणतोस? त्यांना तेही माहीत होतं. मी सांगितलं. त्यांच्या जिभेला ळ नाही आणि शेवटचा व वळेना. त्यांनी दोनदा घोळवून पाहिलं आणि वलीफ असा उच्चार केला. उमैर माझ्याशेजारी होता. तो हळूच म्हणाला की हा त्यांच्या जुन्या गाण्यांतला शब्द आहे, जिवाचा सोबती असा त्याचा अर्थ. मी अर्थ म्हणून काही सांगितलंच नव्हतं.

मग म्हाताऱ्याने तोंडाशी हात धरून हाक मारली. वळीवने कान टवकारले. आत्या, तू म्हणाली होतीस तो मागे बघणार नाही. त्याने बघितलं. म्हाताऱ्याकडे नाही, माझ्याकडे. मान जराशी तिरकी करून, मोबाईलमागे अवंतीला शोधायचा तसा.

मी हाक मारली असती तर तो आला असता. म्हणून मारली नाही.

दुसऱ्यांदा त्यांनी वलीफ म्हटलं आणि तो त्यांच्याकडे पळत गेला.

खोलीत आता पाण्याचा वाडगा तेवढा आहे. मार्चमध्ये रजा टाकली आहे. आधी कोल्हापूर, मग तुझ्याकडे. पाखरी झोपली असेल तर तिच्याशेजारी जरा बसेन म्हणतो. तोवर ती जागा राखून ठेवावी.

तुझा
सिद्धार्थ