हेल्गाबाईंच्या नव्वदीचा नमस्कार

विनिपेग, कॅनडा
३ मार्च २०२५

ती. शिवम्माआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहितेय. पत्राचा फोटो शेजारची पिंकीवहिनी दाखवेल.

आत्या, माझ्या हातून मोठा घोटाळा झालाय. आमची संस्था तुला ठाऊक आहे, जर्मनीहून इथे येऊन म्हातारं झालेल्यांना मदत करणारी. जर्मनीत नर्सची नोकरी करायची म्हणून सोलापुरात शिकलेली माझी जर्मन ह्यांच्या नोकरीपायी शेवटी कॅनडात कामाला आली. तीन महिने बघून कायम करू म्हणाले होते. माझ्याकडच्या हेल्गाबाई वयामुळे इंग्रजी पार विसरल्यात. आठवड्यातून दोनदा मी जाते, तेवढंच त्यांचं बोलणं.

काल त्यांना नव्वद पूर्ण झाली. केक कापला आणि मी सवयीने पाया पडायला वाकले. त्यांना वाटलं, मला चक्कर आली. मला सावरायला पुढे झाल्या आणि दोघीही खाली! मला काही झालं नाही, पण त्यांना उठता येईना. दवाखान्यात नेलंय. या वयात खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतं, हे मला नर्सला कुणी सांगायला नको. चौकशी होईपर्यंत संस्थेने मला घरी बसवलंय. नोकरी गेली तर जाऊ दे, पण त्या चालत्या राहू देत. घास उतरत नाही.

तुझा आशीर्वाद पाठीशी राहू दे.
तुझी,
पूनम

सोलापूर
४ मार्च २०२५

चि. पूनमला,
अनेक आशीर्वाद.

चूक तुझी नाही, माझी. कुंभारीच्या जत्रेत दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायला तुला मीच लावायची. तिकडच्या लोकांना आधी सांगून वाकावं, हे शिकवायचं राहिलं.

घरात तोंड लपवून बसू नकोस. दवाखान्यात जा, त्यांच्यासमोर उभी राहा. संस्थेलाही झालं तसं सांग. आणि दोन घास खा गं. नव्वदीची बाई तुला धरायला धावली, म्हणजे किती वाळली असशील! त्यांची बातमी येईपर्यंत मी चहा सोडलाय. पिंकी म्हणते, आत्या, चहावाचून तुमी लई चिडचिड करताय की. करणारच.

काळजीत,
आत्या

विनिपेग
८ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न.

आधी चहा टाक! हाड शाबूत आहे, नुसता मुका मार. हेल्गाबाई घरी आल्या. तू सांगितलंस तशी मी दवाखान्यात गेले, तर मला बघून त्यांनीच विचारलं, चक्कर गेली का.

काल संस्थेत चौकशीची बैठक झाली. त्या चाकाच्या खुर्चीवरून आल्या. मी पाया पडण्याची पद्धत समजावून सांगितली, तर अध्यक्षबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. मग हेल्गाबाई बोलल्या. म्हणाल्या, दहा वर्षं सगळे मलाच धरून उठवतात, बसवतात. त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला तरी धरायला गेले. पडले, पण मी अजून कुणाच्या उपयोगाची आहे असं वाटलं. हिला काढलंत तर माझंही नाव कमी करा.

मला कायम केलं, आत्या! एकच अट, वाकण्याआधी सांगायचं. मी घरी येऊन पोटभर रडले आणि पोटभर जेवले.

माया अशीच ठेव.
पूनम

सोलापूर
९ मार्च २०२५

चि. पूनमला,
आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. पिंकीने गल्लीभर पेढे वाटले, विचारणाऱ्याला कारण मात्र सांगता येईना.

आता एक खरं सांगते, रागावू नकोस. हेल्गाबाईंचं बोलणं मी तीनदा वाचलं. हितं पिंकी औषध देते, तिचा नवरा बाजार आणून देतो, तू तिकडून सगळं छान आहे असंच लिहितेस. माझ्या वाट्याला कुणाची काळजीच उरली नव्हती. हे पाच दिवस डोळा लागला नाही, तरी किती वर्षांनी मी कुणाच्या तरी कामाची होते.

तेव्हा बाळ, यापुढे नुसतं चांगलंच लिहू नकोस. बिघडलं की आधी मला कळव.

तुझी,
आत्या