‘पेशंटशी नाते’ हा रकाना

ती. ताईस,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार (जवळ असतो तर आधी धपाटा मिळाला असता). तुझे गुडघे आणि नातीची झोप, दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. फोन सोडून पत्र का, ते विचारू नकोस. घसा बसलाय, हवा बदलली की बसतोच.

तुझा बोकोबा सुखरूप आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचायचीच नाहीस. तू लेकीकडे गेलीस आणि त्याच्या पापणीवरची गाठ फुगली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेसरने काढू. फॉर्ममध्ये ‘पेशंटशी नाते’ असा रकाना होता. तू त्याला लेकरू म्हणतेस, म्हणून मी ‘मामा’ लिहिलं. कंपाउंडरने ते दोनदा वाचलं आणि मला खुर्ची दिली. आदल्या संध्याकाळपासून त्याला उपाशी ठेवायचं होतं. त्याच्यादेखत कसं गिळायचं, म्हणून मीही जेवलो नाही, आणि या लबाडाने शेजारणीच्या ओट्यावरचं दूध फस्त केलं (उपास मला घडला, ऑपरेशन पुढे गेलं). दुसऱ्या खेपेस त्याला न्हाणीघरात कोंडून मी दाराशी ठाण मांडलं.

त्याला आत नेलं आणि मला बसवेना. कुत्र्यांच्या काट्यावर चारदा स्वतःचं वजन केलं, भिंतीवरचा जंतांचा तक्ता पाठ झाला. दार उघडलं की मी बसक्या आवाजात विचारायचो, उजेडाने मांस कापतं कसं? भूल उतरलीच नाही तर? जाग आल्यावर ओळखीचं कुणी दिसलं नाही तर? शेवटी बाईंनी जाड चष्मा कपाळावर सारला. “मामा, हे सगळं बोक्यासाठीच विचारताय ना?” मी खाली बसलो. काम वीस मिनिटांत झालं. शुद्धीवर येताच त्याने समोर मला पाहिलं आणि पंजा मारला. फार बरं वाटलं. आता गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून घरभर आपटत फिरतोय.

तुझा,
धाकटा

ता.क. बोक्यासाठी धावत येऊ नकोस.

ता.क. आणखी एक. घसा हवेने बसलेला नाही. आत गाठ आहे. लेसरनेच काढणार, मग तपासून कसली ते सांगणार. दोनदा तारीख पुढे ढकलली (बोक्याचं निमित्त होतं, तेही आता संपलं). ताई, मला भीती वाटते. गुरुवारी सकाळी आठला बोलावलंय. फॉर्म घरी आणून सगळा भरलाय, एकच रकाना रिकामा आहे.