नको म्हटलेला पूल

बोस्टन, फेब्रुवारी १७८८

प्रिय मेहिटेबल,

मी मजेत आहे. खोकला पळाला, तुझे लोकरी मोजे रोज घालतो. लाल गाय व्यायली का?

नव्या राज्यघटनेवर काल मतदान झालं. गावचा प्रतिनिधी म्हणून, गावानं बजावलं होतं तसं मी 'नाही' म्हणालो. नव्या सरकारला एवढी सत्ता द्यायची आणि माणसाचे हक्क कुठेच लिहायचे नाहीत, हे मला पटलंच नाही. घटनेच्या बाजूचे म्हणतात, हक्क मागाहून जोडू. बघू. आम्ही थोडक्यात हरलो.

आज सभेत उठून मी सांगितलं, "आता गावी जाऊन मी हिच्याच बाजूनं बोलेन."

आपल्या गावचा ओबेड भडकला. "काल नाही, आज हो? लाज कशी वाटत नाही तुला?"

मी म्हटलं, "गावसभेत पूल नको म्हणून सगळ्यांत जास्त कोण ओरडलं होतं? मीच ना? आणि ठरल्यावर लाकडं कोणी ओढली?"



गावात कुणी तुला टाकून बोललं, तर मनावर घेऊ नकोस. रात्री दाराला अडसर मात्र घाल.

उद्या निघतो. नदीचा बर्फ फुटला असला तरी घाबरू नकोस. मी पुलावरून येईन.

तुझाच,
इलियाकिम