सुखनिवासचा निकाल

अर्विंग, टेक्सस
६ जानेवारी २०२५

ती. सुजाताताईस,
सविनय जयभीम वि. वि.

फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि तुझ्याआधी प्रफुल्लभाऊजीच बोलतात. म्हणून पत्र. नोकरीसाठी इकडे आलो खरं, पण मी आणि नैना अजून मोटेलमध्येच आहोत. गादीला कुणाकुणाच्या सिगारेटचा वास, बेसिनखाली झुरळं. नैना नाक दाबून झोपते. शाळा घराचा पत्ता मागतेय आणि माझ्याकडे फक्त खोली नंबर आहे.

काल तिसऱ्या अपार्टमेंटनेही नकार दिला. ऑफिसातली मुलगी आधी कुकी देते, गोड हसते, अर्जाची फी घेते. दोन दिवसांनी ओळखसुद्धा दाखवत नाही. या वेळी मी हटूनच बसले, तेव्हा कारण कळलं. माझा क्रेडिट स्कोअर चांगला आहे, पण हे लोक भाडेकरूंचा एक वेगळा रिपोर्ट विकत घेतात. त्यात लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडच्या, इलिनॉयच्या कोर्टाने थकलेल्या भाड्यासाठी माझ्याविरुद्ध निकाल दिला. तेच ते सुखनिवास कंपनीचं, भाऊजींच्या मंडळातल्या जगन्नाथकाकांचं घर. भाऊजींनीच मिळवून दिलेलं.

तेव्हा नव्या हॉस्पिटलचा पहिला पगार अडकला आणि त्या महिन्याचं भाडं उशिरा गेलं, हे मी नाकारत नाही. समन्स आल्यावर भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, दंडासकट भरून टाक, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, जगन्नाथशी मी बोलतो. मी तारखेच्या आधी सगळं भरलं आणि कोर्टात गेले नाही. या लोकांनी पैसे खिशात घातले, वर तारखेला वकील पाठवला, आणि मी हजर नाही म्हणून निकालही घेतला! असल्या नीचपणाची किळस येते.

बाबांना नागपुरात आडनाव ऐकून खोली नाकारायचे, आठवतं? तेव्हा नकार देणाऱ्याचं निदान तोंड तरी दिसायचं.

इथली वकीलबाई म्हणते, पैसे मिळाले आणि निकाल रद्द करायला हरकत नाही, असं कंपनीने सही करून दिलं तर काम सोपं होईल. तेवढं जगन्नाथकाकांना सांगशील?

रागावलीस तरी दूर जाऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
प्रणिता


नेपरव्हिल, इलिनॉय
१५ जानेवारी २०२५

चि. प्रणितास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. थोडा राग तुझ्यावरही आहे. पेशंटच्या गुडघ्याचा एक्स-रे चारदा बघणारी तू फिजिओथेरपिस्ट, आणि समन्स मात्र भाऊजींच्या शब्दावर ठेवून दिलंस? आमच्या लग्नात त्यांनी तुला पहिल्यांदा आइस्क्रीम दिलं, तेव्हापासून तू त्यांची भक्त.

प्रफुल्ल म्हणतात, जुनं उकरून काढू नका, सात वर्षांनी हे आपोआप रिपोर्टवरून जातं. शिवाय एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात त्यांचं भाषण आहे, विषय ‘आम्हाला नाकारलेली घरं’, आणि मंडळाच्या हॉलचा खर्च जगन्नाथकाका करतात. मला हे ऐकून विचित्र वाटलं. इथे गुडघाभर बर्फ आहे. रस्ते मोकळे झाले की मी एकटीच जगन्नाथकाकांकडे जाऊन येईन.

नैनाला तिच्या मावशीचे दोन पापे. तू वेळेवर जेव, माझा जीव तिकडेच आहे.
तुझी ताई,
सुजाता


अर्विंग
२४ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

भाऊजींना सांग, सातातली चार वर्षं अजून बाकी आहेत. तोवर नैना अकरा वर्षांची होईल. सगळं बालपण मोटेलमध्ये काढू का तिचं? आज चौथा नकार आला. फेब्रुवारीअखेर पत्ता दिला नाही तर काय, हे शाळेच्या बाईंनी सांगितलं नाही, पण त्यांच्या आवाजातली कीव मला पुरली.

नैनाने वर्गात सांगितलंय की आमच्या घरी आइस मशीन आहे, म्हणजे मोटेलच्या व्हरांड्यातलं बर्फाचं यंत्र. मुलांना फार हेवा वाटतो म्हणे. मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

लवकर जा गं. इथे माझं तुझ्याशिवाय कोण आहे?
तुझी,
प्रणिता


नेपरव्हिल
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रणिता,

जाऊन आले. अहिल्याकाकूंनी चहा-चकल्या पुढे केल्या. मी तुझं सांगितलं तर जगन्नाथकाका मोठ्याने हसले. म्हणाले, भाडं उशिरा देणाऱ्या सगळ्यांवरच आम्ही असा निकाल घेऊन ठेवतो, भाडेकरू धाकात राहतो, डिपॉझिटसाठी भांडत नाही. आणि माझ्याकडे कशाला आलीस, घरी विचार, सुखनिवास अर्धी प्रफुल्लची आहे. काका पुढे म्हणाले, प्रणिताचं नाव बघून, निकाल घ्यायचा का, असं मी त्याला मुद्दाम विचारलं होतं. तो म्हणाला, घे, नात्यातली म्हणून सूट नको.

चकली माझ्या तोंडात तशीच राहिली. गिळवेना आणि थुंकताही येईना.

प्रणिता, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. तू विश्वास ठेवशील ना?

घरी आले तर प्रफुल्ल आरशासमोर भाषण पाठ करत होता. त्याने काहीच नाकारलं नाही, याचीच मला जास्त शिसारी आली. म्हणाला, धंद्यात नियम सगळ्यांना सारखा; तुझ्या बहिणीचं नुकसान काय झालं? मी मोटेलचं सांगितलं. तो म्हणाला, होईल सोय. तुला कोर्टात जाऊ नको म्हणणारा हाच, आणि तू गेली नाहीस म्हणून निकाल घेणाराही हाच! आणखी किती जणांना असं बेघर केलं, असं विचारलं तर म्हणाला, तूही याच कमाईवर जेवतेस.

तेव्हापासून मला इथला घास जात नाही.

मी एवढंच म्हटलं की जयंतीला त्याच्या भाषणानंतर मी माइक घेईन आणि भाडेकरूंची नावं सांगेन. त्याने त्याच संध्याकाळी वकीलबाईंना हव्या असलेल्या कागदावर कंपनीतर्फे सही केली. तुझ्यासाठी नाही, भाषणासाठी. सही केलेला कागद सोबत आहे. बाकीच्या भाडेकरूंना मी शोधते आहे. माइकचं मी अजून ठरवलेलं नाही.

माझ्याबद्दल मनात किंतु धरू नकोस, हे हात जोडून.
सुजाता


अर्विंग
२२ मार्च २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम वि. वि.

विश्वास कसला विचारतेस, वेडी आहेस का? भाऊजींचं वाचलं आणि त्यांचा नंबर फोनमधून काढून टाकला. कोर्टाचं काम होईपर्यंत उत्तर लिहायला थांबले, राग मानू नकोस.

कोर्टात व्हिडिओवर हजर झाले. न्यायाधीशबाईंनी निकाल रद्द केला. तो आदेश रिपोर्टवाल्या कंपनीला पाठवला, आणि महिन्याभराने माझ्या नावापुढची ती घाण पुसली गेली. शाळेने तोवर मुदत वाढवून दिली होती. काल अपार्टमेंट मंजूर झालं. त्याच मुलीने पुन्हा कुकी दिली. मी घेतली नाही, नैनाने घेतली.

घरात राहणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं द्यावी लागतात. मी दोन दिली आहेत. दुसऱ्या नावाच्या बाईंनी स्वतः सही करायला हवी, असं ऑफिसवाली म्हणाली, म्हणून तुझ्या ईमेलवर लिंक येईल. करायची की नाही ते तू ठरव; मी फोन करून विचारणार नाही.

खोल्या दोन आहेत. नैनाने दुसरी स्वतःसाठी मागितली. मी तिला सांगितलं, ती मावशीची आहे.

वाट बघते.
तुझी,
प्रणिता