शेंडा मोडलेला रॉड

आई, तू जाऊन एवढी वर्षं झाली आणि आज तुला लिहायला बसले ते मासेमारीच्या एका रॉडबद्दल. हसू नकोस. जन्मात तू मासा जिभेवर ठेवला नाहीस, बाबांचा माशांचा तवा शेवटी आणि वेगळ्या घासणीने घासलास, तरी तुझी आठवण काढली की मला आधी तो आखूड, काळ्या टेपने गुंडाळलेला रॉडच दिसतो. बाबा कोकणातले, मासे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इथे इंग्लंडमध्ये स्लाऊच्या कनालवर दर रविवारी पर्च मासे धरायला बसायचे आणि इथल्या रिवाजाप्रमाणे धरलेला मासा परत पाण्यात सोडून यायचे. "धरायचा आणि सोडायचा, मग गेलातच कशाला?" हा तुझा ठरलेला प्रश्न, आणि "तुला नाही कळायचं" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नव्वद सालच्या सुमाराला त्यांना स्ट्रोक आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजवा हात हलायलाही लागला, पण त्यातली संवेदना काही परतली नाही. गरम कप हातात दिला तरी त्यांना बघून कळायचं. "मासा लागला की आधी हाताला कळतं, मग मला. आता हातच बहिरा झालाय," असं म्हणून त्यांनी सगळे रॉड शेजाऱ्याला देऊन टाकले आणि पुढच्या खोलीतल्या खुर्चीत टीव्हीचा आवाज बंद करून स्नूकर बघत बसले. तू रात्रीची भांडी घासताना मला एकदाच म्हणालीस, "हा माणूस त्या खुर्चीतच संपणार बघ."

त्याच हिवाळ्यात कॅनडातल्या काकांनी तुम्हा दोघांना बोलावलं. तिथे तळी गोठतात, बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात, वॉलआय नावाचा मासा मिळतो, आपल्या पर्चचाच थोराड चुलतभाऊ. बाबा म्हणाले, "मी येऊन काय करू? तुमच्या बादल्या सांभाळू?" तू दुसऱ्या दिवशी बाबा झोपलेले असताना काकांना फोन लावलास, आणि अनारशांची कृती विचारावी तशी विचारत बसलीस. "भावोजी, नीट सांगा, अंदाजपंचे नको." रॉड आखूड हवा, कारण भोकाला लागूनच बसायचं असतं. कड्या मोठ्या हव्यात, बारीक कड्यांमध्ये पाणी गोठतं. माशाचं तोंड कडक, म्हणून रॉडच्या कमरेत जोर हवा. पण घास घेतो अगदी दबकत, म्हणून टोक हळवं हवं. काका म्हणाले, "वहिनी, इथे रेडिमेड मिळतात, मी आणून ठेवतो." तू म्हणालीस, "नको. ह्यांचा हात तुमच्या दुकानदाराला ठाऊक नाही."

मी तेव्हा मेडनहेडला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला होते. शनिवारी तुला तिथल्या टॅकल शॉपमध्ये, गळ-रॉडच्या दुकानात, घेऊन गेले. अजून डोळ्यांसमोर आहे. कोटावर स्कार्फ गुंडाळलेली तू रॉडच्या रांगेपुढे उभी आहेस, मंडईत असावी तशी. एकेक उचलतेस, नाक मुरडतेस, ठेवून देतेस. मग कार्बनचा एक बारीकसा रॉड डाव्या हातात धरतेस आणि उजव्या अंगठ्याने त्याचा शेंडा दाबतेस, भेंडी कोवळी आहे की जून हे बघतात ना, अगदी तसा. कट्! शेंडा मोडला. दुकानदार लालबुंद. "मॅडम! यू कान्ट डू दॅट टू कार्बन!" आणि तू माझ्याकडे वळून शांतपणे म्हणतेस, "त्याला सांग, कोवळा होता." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तू मात्र पर्स उघडून त्या रॉडचे पैसे काउंटरवर ठेवलेस आणि म्हणालीस, "नाऊ इट इज माईन. कट इट हियर." मी त्याला बाबांच्या हाताचं सांगितलं, तेव्हा तो निवळला. मोडला तिथून खालचा भाग कडक आहे, जोर लावायला उत्तम, असं म्हणाला, आणि तू बोट ठेवलंस तिथेच करवत चालवली. "पण टोक आता फार ताठ झालंय. मासा हलक्याने चावला तर त्यांना काही कळणार नाही." तू म्हणालीस, "कळायला नकोच आहे. दिसायला हवंय." हे मराठीतच म्हणालीस, आणि मी ते त्याला सांगेपर्यंत तू दाराशी पोचलीही होतीस.

मग आपल्या स्वयंपाकघराचा कारखाना झाला. बाबांच्या हातात तू आळीपाळीने पळी, रवी, सांडशी, लाटणं देऊन बघितलंस. न बघता त्यांच्या मुठीत टिकलं ते लाटणं. म्हणून मूठ लाटण्याएवढी जाड, बुचाचे तुकडे लावून. बारीक कड्या काढून मोठ्या बसवल्यास, शिवणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून वरून माझं नेलपॉलिश. रॉड बोटावर तोलून बघितलास आणि जिथे तो आडवा राहिला तिथे रीळ टेपने बांधलंस. तीन प्रकारची दोरी फ्रीझरमध्ये मटार आणि खोवलेल्या नारळाच्या मधोमध ठेवलीस. सकाळी दोन तारेसारखी वेटोळी होऊन निघाल्या, एक मऊ राहिली, ती घेतलीस. आणि शेंड्याला बाबांच्या बंद पडलेल्या मनगटी घड्याळातली स्प्रिंग उलगडून लावलीस, तिच्या टोकाला लाल ठिपका. गळाच्या वजनाने ती आडवी राहायची. मासा खाली ओढू दे नाहीतर वर उचलू दे, ठिपका हलणारच. बाबा पेपराआडून सगळं बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

परीक्षा टेबलापाशी झाली. बाबा खुर्चीवर, रॉड हातात, तू समोर, आणि मासा मी. ऑफिसच्या स्कर्टमध्ये टेबलाखाली बसून, दोरीचं टोक बोटाला गुंडाळून. मी हळूच ओढलं. तू लगेच ओरडलीस, "अहो, ओढा!" बाबांनी ओढलं, आणि रॉड टेबलावर आपटला. "तू सांगितलंस म्हणून मी ओढलं. मग मासा कोणी धरला, मी की तू? अशी बाजूला बसून सांगणार असशील तर मी येत नाही." मला टेबलाखालून फक्त तुमची पावलं दिसत होती, आणि तुझी अगदी स्तब्ध झाली होती. तू म्हणालीस, "बरं. यापुढे तोंड उघडणार नाही." मी मनात म्हटलं, झालं! डॉक्टरलाही मधेच थांबवून चुका काढणारी तू, आणि गप्प राहणार! पण राहिलीस. मी परत ओढलं, अगदी नखभर. आणि माझ्या बोटाला असा हिसका बसला की डोकं टेबलाला आपटलं. वर बाबा ओरडत होते, "लागला! लागला गं!" कित्येक महिन्यांनी ते मोठ्याने हसले. तू ओट्याकडे तोंड करून उगाच पुसलेलाच ओटा पुसत होतीस.

कॅनडाहून फोन आला तेव्हा आधी काका बोलले. "वहिनी दिवसभर पालथ्या बादलीवर बसून होती, तोंडातून एक शब्द नाही. मला वाटलं दोघांचं वाजलंय." मग बाबा. हाताएवढे वॉलआय, डोळे काचेच्या गोट्यांसारखे, रीळ कसं सैल ठेवलं, भोकाच्या कडेला दोरी कशी जपली, त्यांना किती सांगू अन् किती नको झालं होतं. शेवटी तू. "स्प्रिंगने काम केलं बाई. मी नुसती बसले होते." तुला इतकं खूश मी फार थोड्या वेळा ऐकलं. परत आल्यावर बाबा त्याच रॉडने कनालच्या काठाशी बसायला लागले, तू शेजारी घडीच्या खुर्चीवर. ती खोलीतली खुर्ची नंतर आपण देऊनच टाकली. आई, एवढं एका माणसासाठी दुसऱ्याने केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता तुला माहीत नसलेलं. तू गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी बाबांबरोबर कनालवर गेले. लाल ठिपका खाली गेला. तुझा धडा आठवून मी गप्प राहिले. बाबांनी ओढलं नाही. परत गेला, परत नाही. न राहवून मी म्हटलं, "बाबा, अहो, स्प्रिंग हलतेय." ते म्हणाले, "असेल. मला बाहेरच्या उजेडात ती कधी दिसलीच नाही. घरात दिसायची. तिथे बर्फावर तर डोळ्यांतून नुसतं पाणी." मला काही समजेना. "मग ते सगळे मासे?" बाबा पाण्याकडे बघत होते. "तुझी आई तोंडात बडीशेप धरून बसायची. ठिपका हलला की माझ्या कानाशी चाललेलं तिचं चघळणं थांबायचं. ते थांबलं की मी ओढायचो."

हे पत्र मी पाठवणार नाही, आणि ते पत्ता नाही म्हणून नव्हे. आता बाबाही तिथे तुझ्याजवळ आहेत; तुला हे कळलं, तर दिलेला शब्द पाळायला तू पुढच्या वेळी मुद्दाम एकसारखी चघळत राहशील, आणि बाबांना तिथे एकही मासा मिळायचा नाही. त्यांनी तू असेपर्यंत हे पोटात ठेवलं. खरं सांगते, मला ते जमलं नसतं. मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला असता.