आठवी इस्त्रीवाली

सोमवार, ४ तारीख

चि. बारकीस,

मामाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण त्याच्यापेक्षा तीच जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं समज. माझे नवे दात एकदाचे बसले. पहिले पंधरा दिवस मी बोलायला लागलो की समोरचा माणूस रुमाल शोधायचा. आता कडक बिस्किटसुद्धा न भिजवता खातो.

तुझं पत्र मिळालं. फोनवर सांगण्यासारखा विषय नाही, कारण फोन तुझ्या आईच्या उशाशी असतो आणि मी ‘हॅलो’ म्हटलं की ती ‘काय झालं’ म्हणते. म्हणून लिहूनच उत्तर देतो.

ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचे तुला महिन्याला जे चार पैसे मिळतात, त्यातून त्यांनी कर कापला म्हणून तू नाराज आहेस. आणि दर शुक्रवारी कॉलेजात टेबल टाकून बसणारे ते कराचे सर सांगतात की विद्यार्थ्यांनी, कमाई कमी असो की नसो, रिटर्न भरावाच. कापलेला कर परत मिळतो, उद्या कर्ज काढताना दाखवायला कागद होतो, शिस्त लागते वगैरे. सर चुकीचं सांगत नाहीत. पण ते पुस्तकातलं सांगतात. मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीचे हिशेब लिहितोय, मी व्यवहारातलं सांगतो. ज्याची कमाई नाही, त्याने त्या दारात जाऊन ‘माझी कमाई नाही’ असं ओरडून सांगायची गरज नसते. तुझा जो कर परत येईल, त्यात माझ्या चष्म्याची काडीसुद्धा येणार नाही. त्यासाठी अभ्यासाचा अख्खा दिवस घालवणार का?

शेवटचं वर्ष आहे. परीक्षा दे, नोकरीला लाग, मग तुझा पहिला रिटर्न मी स्वतः शेजारी बसून भरून देईन.

तुझा मामा

ता.क. त्या सरांना तू तुझा कर क्रमांक अजून दिला नाहीस ना? दिला असलास तर लगेच कळव.


मंगळवार, १२ तारीख

चि. बारकीस, आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र वाचलं. तिसऱ्या पानावर तू विचारलंस, मामा, तू कशाला एवढा घाबरतोस? मी घाबरत नाही. आपल्या घरात घाबरायचं काम तुझ्या आईकडे आहे.

शिष्यवृत्तीवाल्यांनी यंदा नवं खूळ काढलंय हे मला माहीत नव्हतं. नूतनीकरणाच्या अर्जाला रिटर्नची प्रत जोडायची, नाहीतर शेवटचा हप्ता अडकणार आणि हप्ता अडकला की परीक्षेला बसू देणार नाहीत. ही काय पद्धत झाली? आधी तीनदा लिहून घेतात की विद्यार्थिनीचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे, तू सहीही करून देतेस, आणि तरी यांना कागद हवा. तू कार्यालयात जाऊन मुदत माग. महिनाभराची मागितलीस तर पंधरा दिवस देतील.

तुझं करकार्ड मी शोधलं. तू पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलास तेव्हा सगळे कागद माझ्याकडेच ठेवले होतेस हे खरं आहे. पण मध्ये घराला रंग दिला तेव्हा कपाटं हलवली, त्यात कुठे गेलं सांगता येत नाही. सापडलं की पाठवतो. माझ्या मागे सध्या भलती कटकट आहे. एकवीस तारखेला हॉस्पिटलची माणसं लॉन्ड्रीत मोजणीला येणार आहेत. आम्हाला त्यांचे पैसे कपड्यांवर मिळत नाहीत, हातांवर मिळतात. पटावर जेवढी माणसं, तेवढे पैसे, म्हणून ती दर चार-पाच वर्षांनी येऊन प्रत्यक्ष डोकी मोजून जातात. त्यामुळे मालक रोज दोनदा माझ्या टेबलाशी येतात.

आणि एक ऐक. मागच्या पत्रात मी म्हटलं होतं की रिटर्न भरणं फुकटचा उपद्व्याप आहे. ते तर आहेच, पण एकदा त्यांच्या कागदावर आलं की दरवर्षी यावं लागतं. तू जरा थांबलीस तर आभाळ कोसळणार नाही. मी तुझ्यापेक्षा चाळीस पावसाळे जास्त पाहिलेत, एवढं तरी माझं ऐक.

रागाने लिहिलं असं वाटलं तर तसं समजू नकोस.

तुझा मामा


सोमवार, १८ तारीख

बारके,

तुझं पत्र आज सकाळी लॉन्ड्रीच्या पत्त्यावर आलं. ते घरी पाठवलं नाहीस, हे बरं केलंस. दुपारच्या सुट्टीत ऑफिसचं दार लावून तीनदा वाचलं.

तू लिहितेस की मी कार्डाचं काहीच कळवेना, म्हणून तू कॉलेजचं ओळखपत्र घेऊन कर कार्यालयातच गेलीस. तिथल्या बाईंनी तुझी नोंद काढून दिली. त्यात ग्रंथालयाच्या खाली आणखी एक ओळ निघाली. अर्धवेळ इस्त्रीवाली, साडेतीन वर्षं, आणि खाली माझ्या लॉन्ड्रीचं नाव. दोन्ही मिळून तुझं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या बाहेर जातं. म्हणजे तू तीन वेळा खोटं लिहून दिलंस असं होतं. हप्ता जाईल, मागचे पैसे परत करावे लागतील, आणि खोटारडी म्हणून शेरा बसेल तो वेगळाच. शुक्रवारी तू त्या सरांना घेऊन तक्रार द्यायला निघाली आहेस. आणि मला लिहितेस, ‘मामा, तू तिथेच आहेस, हजेरी त्या इस्त्रीच्या हॉलवर देखरेख करणाऱ्या बाईच लावतात ना, त्यांनीच केलं असणार, तू शोधून काढ.’

माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाहीस. ते वाचून मला बसवेना.

मी केलं आहे. हॉलच्या बाईंनी नाही. मी.

कसं झालं ते सांगतो. तू पहिल्या वर्षाला गेलीस त्या पावसाळ्यात हॉस्पिटलच्या करारात आठ अर्धवेळ इस्त्रीवाल्या लिहिलेल्या होत्या आणि मिळाल्या सात. आठवी जागा रिकामी राहिली तर तिचे पैसे हॉस्पिटल कापतं. मालक म्हणाले, सोमवारपर्यंत एक नाव घाल, महिन्याभरात कुणीतरी मिळेल. नाव खरं लागतं, कर क्रमांकासकट. तुझे प्रवेशाचे कागद त्या दिवशी माझ्या पिशवीत होते. मी नाव घातलं. नातं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. महिनाअखेरीला पगाराची पाकिटं भरली तेव्हा आठवं पाकीट माझ्या हातात राहिलं. ते परत करायला मालकांच्या खोलीपर्यंत गेलो होतो, हे शपथेवर सांगतो. ते जेवायला गेले होते. मी परत वळलो, आणि आठवी बाई रुजू झाली असं पटावर लिहून टाकलं. तेव्हापासून हॉलच्या बाई सातांची हजेरी माझ्याकडे देतात आणि मी आठवी खूण करतो.

तुझ्या वसतिगृहाची फी तेवढीच होती, थोडी इकडे तिकडे. तुझ्या बाबांची पॉलिसी पिकली म्हणून मी तुला आणि तुझ्या आईला सांगितलं, तशी कुठली पॉलिसी नव्हती. होते ते पैसे त्यांच्या आजारपणातच संपले होते. तुझी आई तुला घरी बसवायला निघाली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

इथेच थांबलो असतो तर तुझ्या नजरेत थोडा तरी उरलो असतो. आधी मी हे पत्र इथेच संपवलं होतं. मग ते फाडलं, कारण ते अर्धंच होतं.

दुसऱ्या वर्षी तुला शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हापासून तुझी फी मी भरलेली नाही, तरी पाकीट घेत राहिलो. आधी म्हटलं, तुझ्या लग्नाला साठवू. नाही साठवलं. तुझ्या आईची गादी आली, घराला रंग लागला, माझे दात बसले. बाकीचे कशात गेले हेही आता आठवत नाही, आणि मी हिशेबनीस आहे. तुझ्या नावाचा पगार खाल्ला आणि तुला सांगत राहिलो की रिटर्न भरू नकोस, तुझी कमाईच नाही. मला माझी लाज वाटते बारके. हे लिहिताना जेवढी वाटतेय तेवढी गेल्या साडेतीन वर्षांत वाटली नव्हती, हेही खरं आहे.

एक दार उघडं होतं, ते तुझ्यापासून लपवत नाही. तू हॉलच्या बाईंचं नाव घेतलंच होतंस. एकवीसला मोजणी आहे, हजेरीच्या मूळ कागदांवर सह्या बाईंच्या आहेत आणि माझी खूण कुणाची हे कुणी सिद्ध करू शकलं नसतं. मी गप्प बसलो असतो तर तू वाचली असतीस आणि मीही. दुपारी बाई स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या. मोजणीसाठी त्यांनी पट पहिल्यांदाच मागितला होता. त्या ओरडल्या नाहीत. पट माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “हिशेबनीस, माझ्या हॉलमध्ये सात टेबलं आहेत. ही आठवी बाई उभी कुठे राहते, तेवढं मला सांगा.”

मी म्हटलं, “बघतो.” त्यांना निवृत्तीला तीन वर्षं आहेत. त्या गेल्यावर मी हे पत्र लिहायला घेतलं.

आता काय करायचं ते नीट वाच. तुझं करकार्ड सोबत पाठवतो आहे, ते हरवलेलं नव्हतं. शुक्रवारी सरांकडे जा आणि रिटर्न भर. ग्रंथालयाचं उत्पन्न दाखव, तेवढंच तुझं आहे. लॉन्ड्रीच्या ओळीपुढे लिही की हे उत्पन्न माझं नाही, आणि पुरावा म्हणून माझं हे पत्र जोड. पहिली दोन नको, त्यात नुसती टोलवाटोलवी आहे. शिष्यवृत्तीच्या कार्यालयातही याचीच प्रत दे, मागण्याआधी दे. मला वाचवण्यासाठी एक शब्दही गाळू नकोस. तू गाळशील अशी भीती वाटते, आणि गाळशील अशी आशाही वाटते, म्हणून त्या आशेची सोय मी आधीच मोडली आहे. या पत्राची इथवरची नक्कल काढून मघाशी मालकांच्या हातात दिली. ते वाचत होते तोवर मी उभा होतो. दुसऱ्या पानापर्यंत आल्यावर त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी बाहेरच्या बाकावर बसून या शेवटच्या ओळी लिहितो आहे. आत ते फोनवर कुणाशी तरी बोलत आहेत, माझं नाव ऐकू येतं. नोकरी जाईल हे नक्की, पुढचं काय ते मला माहीत नाही.

तुझ्या आईला आज घरी गेल्यावर मीच सांगणार. तिचा फोन आला तर तिला बोलू दे, माझी बाजू घेऊ नकोस.

खाली सही आणि हुद्दा घातला आहे, कारण कार्यालयाला तेच लागतं. सहीच्या वर ‘आपला विश्वासू’ लिहायची पद्धत असते, ती मी पाळलेली नाही. ‘तुझा मामा’ लिहायला जागा सोडली आहे. लिहू की नको, ते तू कळव.



(सही)




हिशेबनीस